रडणाऱ्या बाईला पाणी

माझ्या बॅगेतल्या चटणीच्या डब्याला कुणी हातही लावला नाही, हा आयर्लंडनं मला दिलेला पहिला धक्का. सांगलीहून निघताना अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, दहा वेळा बजावलं होतं, "सुनंदा, तिकडं सगळं काढून घेतात बघ." म्हणून मी शेंगदाण्याची चटणी साडीच्या घडीत आणि साडी शालीच्या घडीत अशी लपवून नेली होती, सोनं नेल्यासारखी. डब्लिनच्या विमानतळावर काचेमागं बसलेल्या लाल दाढीच्या माणसानं पासपोर्ट पाहिला आणि विचारलं, "कशासाठी आलात?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं. "मुलीला भेटायला. ती इथं शिकते."

"काय शिकते?"

"फिल्म."

तो हसला. "मग ती तुम्हाला कामाला लावणार," असं म्हणून त्यानं शिक्का मारला. मेल्याची जीभ काळी असणार, कारण अगदी तसंच झालं.

मी सांगलीत खानावळ चालवते. हे गेल्यापासून खानावळ आणि गावाबाहेरचा मळा, दोन्ही अक्का आणि मी दोघीच बघतो. कॉलेजची पोरं, बँकेतले बदलीवाले, दवाखान्यातले नातेवाईक असे सगळे आमच्याकडे जेवतात, आणि जेवणाबरोबर माझी बोलणीही खातात. आमची एकुलती एक सायली पुण्यात चांगली इंजिनिअर होती. एक दिवस तिनं फोन केला, "आई, नोकरी सोडली. आयर्लंडला मास्टर्स करायला चाललेय. माहितीपट बनवायला शिकणार." मी हातातली पळी आमटीत सोडली. माहितीपट म्हणजे आमच्या लहानपणी सिनेमाच्या आधी दाखवायचे ते, पुराचे आणि धरणाचे! ते बघताना लोक चहा प्यायला बाहेर जायचे. त्यासाठी नोकरी सोडायची? पण पोरगी बापावर गेलेली. एकदा ठरवलं की ठरवलं.

सायली मला न्यायला विमानतळावर आली होती. पहिला मुक्काम सँडीफोर्डला, माझ्या भाच्याकडे, मंदारकडे. तो आणि त्याची बायको दोघं सॉफ्टवेअरमध्ये. तिथं सगळ्या काचेच्या इमारती, आणि मधून लुआस (तिथली ट्राम) इतकी गुपचूप जाते की मागून आलेली कळतच नाही. मंदारच्या लेकीला, इराला, मी म्हटलं, "ये गं बाळा, लाडू घे." तिला सगळं कळलं. आली, लाडू घेतला आणि इंग्रजीत म्हणाली, "थँक्स, यू आर ग्रँड." मंदारनं सांगितलं की 'ग्रँड' म्हणजे तिथं ठीक, छान, चालेल, जाऊ दे, काहीही. पुढं पंधरवडाभर तो शब्द मी इतका ऐकला की परत आल्यावर गॅसवाल्यालाही म्हणून गेले.

संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावायला म्हणून थांबले होते. थांबले, थांबले, उन्हं काही कलेनात. जेवणं झाली तरी बाहेर लख्ख उजेड. शेवटी मंदार म्हणाला, "मावशी, मे महिना आहे. इथं दिवेलागण झोपायच्या वेळेला होते." मी तोंडावर पदर घेऊन बसले. सूर्यसुद्धा वेळेवर घरी जात नाही, तिथं माणसाचं काय धरून बसायचं?

दुसऱ्या दिवशी बसनं लिमरिकला निघालो. सायली तिथं शिकत होती. रस्ताभर हिरवळ, पण आपल्यासारखी पावसाळ्यापुरती नाही, कायमची मुक्कामाला आलेली. दगडावर दगड ठेवून रचलेल्या बुटक्या भिंती, मध्ये माती नाही की चुना नाही. गायी अशा स्वच्छ, की आमच्या गल्लीतल्या गायींना दाखवाव्यात. मी खिडकीतून बघत होते आणि सायलीला विचारलं, "तुझी फिल्म कशावर आहे गं? मला नीट सांग एकदा."

तिनं सांगितलं. त्या देशात पूर्वी बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेल्या बाळांना चर्चच्या स्मशानात पुरू देत नसत. बाळ मेलेलंच जन्मलं की बाप त्याला संध्याकाळी एका खोक्यात घालून न्यायचा आणि गावाबाहेरच्या एखाद्या रानात पुरून यायचा. अशा जागेला किलीन म्हणतात. वर नाव नाही, नुसता एक दगड. आईला जायची परवानगी नसायची, आणि पुढं त्या बाळाबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. क्लेअर भागातल्या अशाच एका रानावर आणि तिथं बाळ असलेल्या नोरा नावाच्या म्हाताऱ्या बाईवर सायलीची फिल्म होती.

"आई? अगं, काय झालं? बस लागली का?"

"नाही," मी म्हटलं. "ग्रँड आहे."

मी गार पडले होते. जगात एवढे विषय पडलेत, आणि माझ्या पोरीनं हाच काढावा? सायलीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. सातव्या महिन्यात, जिवंत नाही. सासऱ्यांनी आणि ह्यांनी त्याला धडप्यात गुंडाळून नेलं. आपल्याकडे एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. कुठं पुरलं ते मला कुणी सांगितलं नाही. हे सायलीला माहीत नव्हतं. सांगायचं कुठून? घरात तो विषयच कधी उघडला गेला नाही. मी खिडकीकडं तोंड करून गायी बघत बसले.

लिमरिकला सायली तीन मुलींबरोबर एका घरात राहत होती. मी जाताच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भिंतीतल्या कपाटाला तिथं प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये डाळीचा एक दाणा नव्हता, नुसत्या कॉफीच्या बरण्या. मी बडबडत पिठलं टाकलं आणि तेवढ्यात दारातून एक ताडमाड पोरगा आत आला, डारा त्याचं नाव, आणि म्हणाला, "सायली, चल, पेट्या उचलायच्यात." आणि माझी इंजिनिअर लेक उठून त्याच्या गाडीतून काळ्या पेट्या वाहू लागली!

"हे शिकायला आलीस?" मी मराठीत ओरडले. "हमाली?"

तेव्हा कळलं की तिथली शिकवण अशीच आहे. वर्गात फळ्यावर फार काही नाही. प्रत्येकानं एक फिल्म करायची, आणि दुसऱ्यांच्या फिल्मवर राबायचं. आज डाराच्या फिल्मची सायली हमाल, उद्या सायलीच्या फिल्मचा डारा कॅमेरामन. राबता राबताच शिकायचं. आमच्या खानावळीत भाकरी करायला आलेल्या बायका तरी कुठं पुस्तकातून शिकल्या, म्हणून मी जरा नरमले.

पण वर्गात गेले तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. सायलीनं तोवर काढलेलं सगळ्यांना दाखवायचं होतं, मला मागं बसवलं. रान, दगड, काटेरी झुडपांवरची पांढरी फुलं, पाऊस. मला तर छान वाटलं. दिवे लागले आणि मग एकेकानं तिच्या तोंडावर सांगायला सुरुवात केली. हे लांबलंय, ते खोटं वाटतंय, इथं मला झोप आली. झोप आली म्हणे! त्यांचे मास्तर, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेले, सगळ्यात शेवटी बोलले. "रान सुंदर आहे, सायली. पण या रानात कुणाचं काय हरवलंय ते मला अजून कळलं नाही. नोरा बोलली नाही तर ही फिल्म नाही, हे कॅलेंडर आहे."

मी सायलीकडं बघितलं. ती लिहून घेत होती. आणि बाहेर पडल्यावर याच टोळक्यानं तिला पबमध्ये नेऊन तिच्या खांद्यावर हात टाकून क्रॅक (गप्पाटप्पा, हसणं खिदळणं) केली. आपल्याकडे असं बोललं असतं तर दोन पिढ्या येणंजाणं बंद झालं असतं.

घरी येताना सायली म्हणाली, "मास्तर बरोबर बोलले. नोरा कित्येक महिने मला चहा पाजते, गायींबद्दल बोलते, हवेबद्दल बोलते. परवा ती स्वतःहून म्हणाली की शुक्रवारी कॅमेरा घेऊन ये, सांगते. ती तिच्या आयुष्यात हे कधीच बोललेली नाही, आई. आणि शनिवारी कॅमेरा परत करायचाय. शुक्रवारी झालं नाही तर फिल्म गेली."

शुक्रवारी सकाळी आवाजाचं काम करणारा पोरगा खो खो खोकत आला. खोकणारा माणूस आवाजाला काय कामाचा? डारानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं बघितलं. विमानतळावरचा लाल दाढीवाला मला आठवला.

काम साधं होतं, सायली म्हणाली. लांब दांडीच्या टोकाला केसाळ बोक्यासारखा माइक असतो, त्याला बूम म्हणतात. तो बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरायचा, चित्रात येऊ द्यायचा नाही. "आणि आई, एकच गोष्ट. काही झालं तरी मध्ये बोलायचं नाही, हलायचं नाही. काहीही झालं तरी."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हटलं.

नोराचं घर क्लेअरमध्ये, डोंगराच्या कुशीत, पांढरं, बुटकं. नवरा मायकेल जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं ऑस्ट्रेलियात. नोरा ऐंशीच्या पुढची, पण ताठ. तिनं माझ्या साडीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला, माझा लाडू खाल्ला आणि आपला सोडा ब्रेड (खमिराऐवजी सोडा घालून भाजलेला पाव) लोण्याच्या थरासकट माझ्यापुढं सरकवला. मीही पोळीला तूप तेवढंच लावते. माझं बाईबरोबर एकदम जमलं.

कॅमेरा लागला. आधी डारानं मला आणखी एक नवल दाखवलं. "आता सगळे गप्प," तो म्हणाला, आणि अर्धं मिनिट त्या खोलीत कुणीही काही बोललं नाही, हललं नाही. नुसती शांतता भरून घ्यायची म्हणे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि फिल्म जोडताना ती लागते. चूल सूं सूं करत होती, घड्याळ टिकटिकत होतं. बिनकामाचं गप्प बसायची मला सवय नाही. ते अर्धं मिनिट मला जन्मासारखं वाटलं.

मग सायलीनं हळू विचारलं, "नोरा, त्या दिवसाबद्दल सांगाल?"

नोरा बोलू लागली. माझं इंग्रजी बेताचं, पण ते सगळं मला कळत होतं. कळायला नको तेवढं कळत होतं. मुलगी होती. रडली नाही. सुईणीनं तिला टॉवेलात गुंडाळलं आणि पाठ फिरवली. नोरानं विचारलं, केस कुठल्या रंगाचे आहेत? कुणी उत्तर दिलं नाही. मायकेलनं कोठारातून एक खोकं आणलं. "मी खोक्यावर खिळे ठोकल्याचा आवाज ऐकला," नोरा म्हणाली. "आणि मग..."

आणि मग तिचा चेहरा मोडला. ऐंशी उलटलेली बाई, तोंड उघडं, आणि आवाज नाही. मी सायलीकडं बघितलं. सायली हलली नाही. डारा हलला नाही, त्याचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. एक म्हातारी बाई समोर रडतेय आणि ही दोन धडधाकट पोरं तिच्याकडं टक लावून बघत बसलीयेत! अरे, माणसं आहात की कोण? पुढचं मला धड आठवत नाही. बूम खाली पडल्याचा दाणकन आवाज झाला, मी नळाशी होते, ग्लास भरला आणि नोराच्या तोंडाशी धरला. एका हातानं तिची पाठ चोळत मी म्हणत होते, "असू दे, असू दे. रडू नये. पाणी प्या. झालं ते झालं."

नोरानं माझा हात ढकलला. ग्लासातलं पाणी तिच्या मांडीवर सांडलं.

"बस गं बाई खाली!" ती कडाडली.

मला वाटलं माझ्या ऐकण्यातच चूक झाली.

"त्या दिवशी माझ्या आईनं हेच केलं," नोरा म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण रडण्यानं नाही. "माझ्या हातात चहा दिला. पी, म्हणाली, आणि पुन्हा हा विषय नको. मी चहा प्यायले. तेव्हापासून तोच चहा पितेय. आज पहिल्यांदा मला बोलायचं होतं, आणि तू पाणी घेऊन आलीस." ती उठली. "जा सगळे. आज नाही."

लाजेनं मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. गाडीत बसल्यावर सायली मराठीत बोलली, म्हणजे डारासमोर मला सोलून काढता यावं.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"समोर बाई रडत होती, सायली! पाणी पण द्यायचं नाही?"

"ती आम्हाला दाखवायला रडत नव्हती, आई. ती सांगत होती. तुला कुणाचं रडणं सहन होत नाही म्हणून तू पाणी देतेस. तिला तहान लागली होती का?"

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही! बाहेर गायी होत्या, भिंती होत्या, आणि पोरीची वर्षभराची मेहनत मी एका ग्लासात बुडवली होती.

रात्र कशीबशी काढली. सकाळी उठून पोळ्या लाटता लाटता ठरवलं. सायलीला म्हटलं, "मला नोराकडं घेऊन चल. माफी मागून येते. कॅमेरा दुपारपर्यंत आहे ना? बरोबर असू दे. पण आधी मी एकटी जाणार." सायली डोळे सुजवून बसली होती. तिनं नुसता डाराला फोन लावला.

पाऊस भुरभुरत होता. दोघं गाडीत थांबले, मी दार वाजवलं. नोरानं दार उघडलं, मला बघितलं, काही न बोलता आत गेली. मी मागं गेले. टेबलाशी दोघी समोरासमोर बसलो.

"सॉरी," मी म्हटलं.

"का केलंस?" तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मी इंग्रजीत सुरुवात केली. "माय बॉय. फर्स्ट. सेव्हन मंथ." पुढचे शब्द मला इंग्रजीत येत नव्हते. खरं तर मराठीतही ते मी कधी वापरले नव्हते. पण मराठीत आले. एकदा आले ते येतच राहिले. धडपं हिरवं होतं. माझ्याच जुन्या लुगड्याचं होतं. मी विचारलं, कुणासारखा दिसतो, तर सासूबाई म्हणाल्या, बघू नये. मी विचारलं, कुठं नेताय, तर ह्यांनी मान खाली घातली. मी रडायला तोंड उघडलं की अक्का तांब्या घेऊन यायच्या. पाणी पी सुनंदा, रडू नये, अजून लेकरं होतील. मी पाणी प्यायले. दर वेळी प्यायले. दूध आलं होतं मला, नोरा. छाती बांधून ठेवली होती आणि कुणी म्हणून विचारलं नाही.

नोराला त्यातला एक शब्द कळत नव्हता. ती उठली नाही. तिनं चहा केला नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. ती समोर बसून माझ्याकडं बघत राहिली आणि मी सांगून संपेपर्यंत बघत राहिली. आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी रडून संपवू दिलं.

मागं काहीतरी हललं म्हणून वळले. दारात सायली उभी होती, ओली. मला उशीर झाला म्हणून बघायला आलेली. तिला मात्र शब्द न् शब्द कळला होता.

"आई," ती म्हणाली, "मला भाऊ होता?"

"होता," मी म्हटलं.

ती आत येऊन माझ्या पायाशी फरशीवर बसली, लहानपणी बसायची तशी. नोरानं आम्हा दोघींकडं बघितलं, नाक शिंकरलं आणि म्हणाली, "बोलाव त्या लंबूला. आणि दांडी हिच्याच हातात दे."

मी बूम धरला. नोरा काल जिथं थांबली होती तिथूनच पुढं बोलू लागली. खोकं, चहा, बाहेर पडणारा अंधार, परत आलेला मायकेल आणि त्याच्या बुटांना लागलेली माती. "तो मला कधी काही बोलला नाही," ती म्हणाली. "पण दर रविवारी संध्याकाळी गुरं बघून येतो म्हणून त्या रानात जायचा. मरेपर्यंत गेला. त्या रानात आमचं एकही जनावर नव्हतं."

ती रडली. पुष्कळ रडली. माझे खांदे भरून आले, डोळ्यांतून पाणी गळ्यापर्यंत आलं, नाक पुसायला हात मोकळा नव्हता. मी हलले नाही. ते गप्प उभं राहणं मला शंभर माणसांच्या पंगतीपेक्षा जड गेलं. शेवटी डारा कुजबुजला, खोलीची शांतता पुन्हा एकदा घेऊ. सगळे गप्प झालो. तीच चूल, तेच घड्याळ. आदल्या दिवशीसारखी ती शांतता मला नकोशी झाली नाही.

दुपारी कॅमेरा परत करायच्या आधी नोरानं आम्हाला रानात नेलं. काठी टेकत, माझ्या दंडाला धरून. काटेरी झुडपांखाली लहान लहान दगड, कोण कुणाचा काही कळत नाही. "माझी कुठली ते मला माहीत नाही," नोरा म्हणाली, "म्हणून मी सगळ्यांनाच गुड इव्हनिंग म्हणते." मी पिशवीतून लाडू काढला, फोडला आणि थोडा थोडा सगळ्या दगडांपाशी ठेवला. डाराला वाटलं हा आमचा काही विधी असेल. विधी कसला, पोरं आहेत, खातील.

पुढचे दिवस सायली फिल्म जोडत बसली आणि मी तिच्या घरातल्या प्रेसमध्ये डाळी भरत बसले. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं, "आई, तू नोराला सांगितलंस ते कॅमेऱ्यात नाहीये. पुन्हा सांगशील? फिल्ममध्ये?"

"चुलीत घाल तुझी फिल्म," मी म्हटलं.

ती हसली. "बरं. मग नुसतं मला सांग."

तिला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. पोरगी खरंच काहीतरी शिकली होती तिथं, एवढं मला मान्य करावं लागलं.

सांगलीला पोचले तेव्हा उन्हानं डांबर विरघळत होतं आणि संध्याकाळ आपल्या वेळेला झाली, त्यामुळं फार बरं वाटलं. अक्कांनी माझ्या आवडीची वांग्याची भाजी केली होती. गिऱ्हाइकं जेवून गेल्यावर आम्ही दोघी पाटावर बसलो. "काय काय पाहिलंस सांग की," अक्का म्हणाल्या. मी विमान सांगितलं, न मावळणारा सूर्य सांगितला, पेट्या वाहणारी सायली सांगितली. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी नोरा सांगितली. तिचं खोकं, तिचं रान. सांगता सांगता माझा आवाज गेला.

अक्का लगेच उठल्या. गुडघे धरत माठाकडं गेल्या, तांब्या भरला, घेऊन आल्या. "पाणी पी सुनंदा. रडू नये."

"ठेवा तो तांब्या तिथं," मी म्हटलं. "आणि बसा, अक्का."

त्या बसल्या. तांब्या दोघींच्या मध्ये ठेवला. मग त्यांचीच हनुवटी थरथरायला लागली.

"तू कधी विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"विचारायला तोंड उघडलं की तुम्ही पाणी आणायचात."

अक्कांनी डोळे पुसले नाहीत. "आपल्या मळ्यात आहे," त्या म्हणाल्या. "विहिरीच्या पलीकडं तो करंज आहे ना, त्याच्या बुडाशी. भाऊजींनी वर एक दगड ठेवलाय. मला शपथ घातली होती."

करंज. मळ्यात कामाला गेलं की हे भाकरी खायला नेहमी त्या करंजाखालीच बसायचे. आंब्याची एवढी गार सावली सोडून. मी दर वेळी आंब्याखालून हाका मारायचे, अहो, तिथं ऊन लागतंय, इकडं या की. आणि ते तिथूनच हात करायचे, तू जेव, मी बसतो इथं.

तांब्या आमच्या दोघींमध्ये तसाच राहिला. मी म्हटलं, "अक्का, उद्या खानावळ बंद ठेवू. दोघींच्या भाकरी बांधून घ्या. करंजाखाली जाऊन जेवू."